तलावाचा गुरुवार

मित्रांनो, समुद्राच्या काठावर खडकात खोदलेला एक म्हातारा तलाव तुमच्याशी बोलतो आहे. तलाव बोलत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पण पुस्तकात फाटकी छत्री बोलते, फुटका फळा बोलतो, शाळेची घंटा तर दर वर्षी परीक्षेच्या पेपरात न चुकता बोलते. मग मीच काय घोडे मारले आहे?

माझी गोष्ट आनंदाची नाही. तिच्यात क्लॅरी पेटिफर नावाचा एक माणूस माझ्यात सूर मारतो, आणि तेव्हा माझ्यात पाणी नसते. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी हसतखेळत काहीबाही सांगू लागलो, तरी तुम्ही फसू नये म्हणून.

माझा जन्म मंदीतला. त्या काळी आमच्या पोर्ट हॅलरन शहरात कामापेक्षा माणसे फार झाली होती. रिकाम्या माणसांना फुकट पीठ आणि चहा द्यायला सरकारचा जीव होईना. म्हणून त्यांना छिन्नी-हातोडे दिले आणि सांगितले, हा खडक फोडा, मग पीठ मिळेल. त्यांनी तो फोडला. डोक्यावर हॅट, पायात फाटके बूट, आणि दर लाटेला एक शिवी. मला खोदणाऱ्यांतल्या बहुतेकांना पोहता येत नव्हते. तीन बाजूंनी मी खडकच राहिलो. चौथ्या, समुद्राकडच्या बाजूला एक भिंत घातली. भरती आली की लाटा तिच्यावरून उडी मारून आत येतात आणि मला भरतात. उद्घाटनाला महापौरांनी लांबलचक भाषण केले. ते संपण्याआधी भरती आली आणि त्यांचे बूट भिजले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यातले ते पहिले लोकोपयोगी काम.

समुद्राच्या पाण्याच्या तलावाला शेवाळ फार धरते. पायऱ्यांवर हिरवी बुरशी, भिंतींना शिंपले, तळाशी वाळू आणि कधीकधी एखादा नाराज ऑक्टोपस. म्हणून आठवड्यातून एकदा मला रिकामे करावे लागते. आदल्या संध्याकाळी रखवालदार माझ्या भिंतीतली झडप उघडतो, ओहोटीबरोबर पाणी निघून जाते आणि सकाळी तो तळ घासतो, चुना टाकतो. मग पुढची भरती मला पुन्हा भरते. यासाठी वार ठरला गुरुवार. कारण अगदी साधे होते. गुरुवारी पोलादाच्या कारखान्यात पगार व्हायचा. पगार हातात पडलेला माणूस पाण्याकडे वळत नाही, गुत्त्याकडे वळतो. म्हणजे तो दिवस मला मोकळाच.

अशा रीतीने गुरुवार आणि कोरडेपणा यांची गाठ पडली, ती या शहराच्या हाडात गेली. गुत्त्यात एखाद्याचा पेला रिकामा दिसला की शेजारचा म्हणायचा, "काय गड्या, तुझ्याकडे गुरुवार का?" एखादा पाद्री रटाळ बोलू लागला की मागच्या बाकावरून कुजबुज यायची, "हा माणूस बारमाही गुरुवार आहे." मुलांना पाढे यायच्या आधी हे कळायचे. गुरुवारी तलावाकडे जायचे नाही, एरवी कधीही जा आणि उडी मारा.

उडीवरून आठवले. हिवाळ्यात पोहणाऱ्यांचे माझ्याकडे एक मंडळ होते. आमच्याकडे हिवाळा जूनमध्ये असतो, आणि दक्षिणेचा वारा सुटला की सीगल पक्षीही खांबाच्या आडोशाला बसतात. अशा थंडीत, उजाडायच्या आधी, ही सगळी पांढऱ्या केसांची मंडळी टॉवेल खांद्यावर टाकून माझ्या पायऱ्या उतरायची. त्यांचा नियम एकच होता. पाण्यात बोट घालून बघायचे नाही. वाकून बघायचे नाही. काठावरच्या उंच ओट्यावर चढायचे आणि सरळ सूर मारायचा. ज्याने आधी पायाचा अंगठा बुडवला, त्याने रविवारी सगळ्यांना सॉसेज खाऊ घालायचे आणि वर वर्षभर 'अंगठेबहाद्दर' म्हणवून घ्यायचे. माणसे मोठी झाली तरी अशा गोष्टींना भितात. न्यूमोनियाला ती भीत नाहीत.

क्लॅरी पेटिफर या मंडळातला सर्वांत जुना. उमेदीची सगळी वर्षे त्याने कारखान्यात तापलेले पोलाद लाटण्यात घालवली. पाळी सुटली की अंगातली धग विझवायला तो माझ्याकडे यायचा. पुढे कारखाना बंद पडला, धुराडी सुरुंग लावून पाडली, त्याची बायको थेल्मा वारली. क्लॅरी येतच राहिला. चष्मा काढून डाव्या बुटात ठेवायचा, ओट्यावर उभा राहायचा, हात पुढे करायचा आणि खोल बाजूला सूर मारायचा. वर आला की काळोखात ओरडायचा, "गरम आहे!"

हे धादांत खोटे होते. मग पायऱ्यांवरून नोला क्विल्टीचा आवाज यायचा, "खोटारड्या!" आणि मागोमाग तिचाही सूर. नोला शाळेत स्वयंपाक शिकवायची. निवृत्त झाल्यावर मंडळाची चिटणीस झाली आणि तिने शिकवणे चालूच ठेवले. बाहेर आल्यावर ती थर्मासमधला चहा क्लॅरीला द्यायची, तो त्यात तिच्या डोळ्यांदेखत साखर घालायचा आणि ती त्याच्या साखरेच्या आजाराबद्दल बोलायची. असा त्यांचा संसार माझ्या काठावर, रोज अर्धा तास, कोणतीही नोंदणी न करता चालला होता.

कारखाना गेल्यावर शहरापुढे प्रश्न पडला की आता खायचे काय. शहाण्या माणसांनी विचार करून सांगितले की लोकांना बोलवा आणि शहर दाखवा. मग दाखवण्याजोगे काय आहे ते शोधणे सुरू झाले. दीपगृह निघाले. तो आमचा ज्येष्ठ सहकारी. जहाजे आता त्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत, त्याला पेन्शन सुरू होऊन जमाना झाला, पण उंच असल्यामुळे त्याचा मान मोठा. टेकडीवरचा किल्ला निघाला. त्याच्या तोफेने महायुद्धात एकच गोळा सोडला होता, तो आपल्याच कोळशाच्या बोटीच्या पुढ्यात पडला. पक्ष्यांचे बेट निघाले, वाळूचे डोंगर निघाले, जुना तुरुंग निघाला. तिथे आता चित्रे टांगतात. आणि त्या 'पोर्ट हॅलरन व परिसर : चुकवू नये असे काही' या छापील पत्रकात मीही निघालो. मित्रांनो, तोपर्यंत मी तलाव होतो. त्या दिवसापासून ठिकाण झालो.

तलावाला पोहणारे लागतात, ठिकाणाला बघणारे. ते प्रवासी जहाजातून यायचे. बंदरात जहाज लागले की बस भरून माणसे दीपगृहावर, तिथून किल्ल्यावर, तिथून माझ्याकडे. आता योगायोग पाहा. जहाजे बंदराला लागायची गुरुवारी. माणसे बसमधून उतरायची, हौसेने कठड्याशी यायची आणि खाली पाहायची, तर एक मोठा हिरवट खड्डा, त्यात गमबूट घातलेला एक घामाघूम माणूस आणि शेवाळाचा वास. हा माणूस म्हणजे माझा रखवालदार रिस्टो दिमोव्स्की. मॅसिडोनियाहून आलेला, तोही पूर्वी कारखान्यातलाच. कठड्यावरून कोणी हात हलवला की तो ब्रश हलवायचा. लोकांनी घरी जाऊन लिहिले, 'समुद्रतलाव पाहिला. समुद्र होता. तलाव नव्हता.'

म्हणून एका रविवारी नगरपालिकेतून इमोजेन लाऊ नावाची एक तरुण मुलगी आली. मंडळाचे दर रविवारचे सॉसेज भाजणे चालू होते. ती हातात फाइल घेऊन धुरात उभी राहिली.

"पोरी, आधी खा," क्लॅरी म्हणाला. त्याने पावात सॉसेज आणि कांदा कोंबून तिच्या हातात दिला. "पालिकेची बातमी उपाशीपोटी ऐकवत नाही, आणि सांगवतही नसेल."

"वाईट बातमी नाहीये हो, मिस्टर पेटिफर. फक्त साफसफाईचा वार बदलायचाय. गुरुवारऐवजी मंगळवार."

तव्यावर कांदा करपू लागला.

"गुरुवार बदलायचा?" क्लॅरी म्हणाला. "उद्या नाताळ हलवाल!"

"जहाजं गुरुवारी येतात ना, म्हणून."

"मग जहाजांना सांग मंगळवारी या म्हणून."

"जहाजं आमचं ऐकत नाहीत."

"मग मी का ऐकू? मी काय जहाजापेक्षा लहान आहे?"

"रुंदीला तरी नाहीस," नोला म्हणाली. मंडळ खो खो हसले.

रिस्टो लांब उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "मला मंगळवार चालेल. गुरुवारी आमच्या मॅसिडोनियन क्लबात पत्ते असतात. इतकी वर्षं माझ्या जागी माझा मेव्हणा खेळतोय आणि खानदानाची अब्रू घालवतोय."

"फितूर!" क्लॅरी ओरडला.

पण इमोजेनने पाव खाता खाता एक गोष्ट सांगितली. गेल्या गुरुवारी जहाजातून एक लहान मुलगी आली होती. पोहायचा पोशाख कपड्यांच्या आत घालूनच आली होती. रिकामा तलाव पाहून ती रडली नाही, नुसती बघत राहिली आणि मग आईला म्हणाली, चल, बसमध्ये बसू.

क्लॅरीने मान खाजवली. समुद्राकडे पाहिले. मग सगळ्यांत आधी त्याचाच हात वर गेला. "जाऊ दे रे. लांबून येतात बिचारे. मंगळवार तर मंगळवार."

अशा तऱ्हेने माझा वार बदलला. यात कोणी दुष्ट नव्हते, मित्रांनो. दुष्ट असता तर गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

नवी पाटी लागली. चार भाषांत मजकूर, वर हसरा डॉल्फिन. माझ्यात डॉल्फिन कधी आला नाही, पण पाटीवर तो शोभून दिसायचा. पहिल्या मंगळवारी क्लॅरी मुद्दाम आला. पोहायला नव्हे, 'खरंच रिकामा करतात का ते बघायला'. काठावर पाय सोडून बसला, रिस्टोच्या घासण्यात चुका काढल्या, त्याचा चहा प्यायला आणि घरी गेला. पुढच्या मंगळवारी आला नाही. कोणीच आले नाही. मंडळाने मंगळवार सोडला आणि गुरुवार धरला. पहिल्या गुरुवारी पाण्यात उतरताना सगळे शाळा बुडवून आलेल्या पोरांसारखे इकडे तिकडे बघत होते. पण सरावले. क्लॅरीला वार बदललेला माहीत नव्हता असे पुढे काहींनी म्हटले, ते खोटे आहे. त्याला माहीत होते. त्याच्या डोक्याला माहीत होते.

मग राजाच्या वाढदिवसाची सुट्टी आली. जूनमधला सोमवार. राजा त्या दिवशी जन्मलेला नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यासाठी सुट्टी नाकारण्याइतका सत्यप्रिय माणूस आमच्याकडे अजून जन्मायचा आहे. त्याआधीच्या रविवारी पाऊस लागला. पहाटेचे पोहणे झाले, पण चूल काही पेटेना. नोला चिटणीस. तिने पिशवीतले सॉसेज पुन्हा गुंडाळले आणि जाहीर केले, "उद्या सुट्टीच आहे. सॉसेज उद्या."

सोमवारी छान ऊन पडले. सॉसेज झाले, कांदा झाला, कोणाच्या तरी नातवाने खोकत खोकत तुतारी वाजवली. निघताना नोला थर्मास पिशवीत घालत म्हणाली, "उद्या नाही हं, क्लॅरी."

"माहीत आहे गं बाई. मी काय म्हातारा झालोय?"

"झालायस."

"मग बुधवारी म्हातारा येईल. चहा कडक आण."

संध्याकाळी रिस्टोने झडप उघडली. ओहोटी होती. माझे पाणी निघून गेले.

आता पुढचे सांगतो. लांबवत नाही.

मंगळवारी पहाटे वारा दक्षिणेचा होता आणि समुद्र खूप मोठ्याने आदळत होता. मी रिकामा आहे की भरलेला, हे त्या आवाजात ऐकू येण्याजोगे नव्हते. खोल बाजूला तळाशी थोडे पाणी साचून राहते, त्यात रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड हलत होता. पायऱ्यांवर पाऊल वाजले. ते क्लॅरीचे आहे हे मला लगेच कळले. गुडघा दुखत असल्याने तो एक पाय ओढायचा. तो पाटीसमोरून गेला. डॉल्फिन हसत होता. क्लॅरीने कपडे काढून बाकावर ठेवले. चष्मा काढला, बुटात ठेवला.

मित्रांनो, आत्ता मी तुमच्याशी इतका घडाघडा बोलतो आहे. पण हे पुस्तक आहे. त्या पहाटे पुस्तक नव्हते. एरवी माझ्याकडे निदान पाणी असते. ते भिंतीवर आपटते, डुचमळते, तोच माझा आवाज. रिकामा झालो की मी मुका असतो. तो ओट्यावर चढला. मी सगळ्या अंगाने वर पाहत होतो. त्याने हात पुढे केले. वाकून पाहिले नाही. पाहणाऱ्याला तिथे हसत असत.

'गरम आहे' अशी आरोळी आली नाही.

उजाडता उजाडता रिस्टो चुन्याची बादली घेऊन उतरला. पाहिल्यावर त्याच्या हातून बादली पडली. मग तो धावत येऊन क्लॅरीच्या डोक्याशी, त्या ओल्या शेवाळात, मांडी घालून बसला. त्याला हलवायचे नाही एवढे कारखान्यातल्या अपघातांनी दोघांनाही शिकवले होते. रिस्टोने कोट काढून त्याच्यावर घातला, फोन करून रुग्णवाहिका मागवली आणि बोलत राहिला. क्लॅरी शुद्धीवर होता.

"रिस्टो, माझे हात कुठे आहेत?"

"आहेत रे. इथेच आहेत. मी धरलेत."

"आज सोमवार."

"मंगळवार आहे, क्लॅरी."

"छे," क्लॅरी म्हणाला. त्याला खरोखरच वाद घालायचा होता. "काल सॉसेज होते."

सॉसेजच्या दुसऱ्या दिवशी सोमवार असतो. हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही, कारण ते शिकवावे लागत नाही.

क्लॅरी हिवाळाभर इस्पितळात होता. मानेखाली काहीच हलत नव्हते. टेकडीवरच्या त्या इस्पितळाच्या खिडकीतून समुद्र दिसतो, पण त्याचा पलंग भिंतीकडे तोंड करून होता, कारण यंत्राची वायर तेवढीच लांब होती. नोला रोज दुपारी जायची. ती रोज माझ्यात पोहून मग जायची, कारण तो रोज विचारायचा, "पाणी कसं होतं?"

"गरम," ती सांगायची.

"खोटारडे," तो म्हणायचा.

हे मला तिनेच सांगितले. मला म्हणजे रिस्टोला. माझ्या काठावर बसून, घासण्याचा ब्रश दोघांच्या मध्ये ठेवून. सांगता सांगता तिने ब्रशवरचे शेवाळ खरवडले. मग म्हणाली, "सॉसेज मी हलवले, रिस्टो."

"पाऊस होता, बाई."

"हो, पाऊस होता! रोज पहाटे बर्फासारख्या समुद्रात उडी मारणारी माणसं आम्ही, आणि पावसाने भिजू म्हणून मी सॉसेज पुढे ढकलले. कच्चे खाल्ले असते तर काय मेलो असतो?"

शेवटचा शब्द तोंडातून गेल्यावर तो तिला ऐकू आला. रिस्टोने तिच्याकडे पाहिले नाही. ब्रश उचलत म्हणाला, "चूल पेटतच नव्हती. मी फुंकत होतो ना. माझ्या दाढीला धूर लागला होता." एवढेच. त्याला याहून चांगले काही सुचले असते तर तो ते बोलला असता.

वसंतात, देवमासे परत दक्षिणेला निघाले, तेव्हा क्लॅरी गेला.

चौकशी झाली. मोठ्या कळकळीने झाली. समितीने पाटीची उंची मोजली, अक्षरे मोजली, दिव्यापासूनचे अंतर मोजले. निष्कर्ष असा निघाला की पाटी योग्य जागी होती, मजकूर स्पष्ट होता आणि सूचना वेळेत दिली गेली होती. मला तो निष्कर्ष मान्य आहे. पाटीने पाटीचे काम चोख केले. ती उभी होती. समितीने उपाय सुचवला की पाटी आणखी मोठी करावी. त्याप्रमाणे डॉल्फिनही मोठा झाला. मग भोवती उंच जाळी आली, फाटक आले, कुलूप आले. आता सकाळी उजाडल्यावर एक माणूस येऊन फाटक उघडतो. त्याआधी कोणी पोहत नाही. हिवाळ्यातले मंडळ हळूहळू विरले. ओट्यावर 'सूर मारू नये' असे लिहिले आहे. उरलेले सभासद दहा वाजता येतात, शिडी धरून सावकाश उतरतात आणि कोणी कोणाला अंगठेबहाद्दर म्हणत नाही.

आणि बघणारे वाढले. हे सांगायला मला लाज वाटते, पण लपवून काय करू? बस थांबते, माणसे कठड्याशी येतात, निळे पाणी पाहून 'आहा' म्हणतात आणि मग हळूच विचारतात, "तो म्हातारा कुठून पडला?" मार्गदर्शक ओट्याकडे बोट दाखवतो. फोटो निघतात. काहीजण ओट्याशेजारी उभे राहून हात पुढे करतात. मुलांनाही तसे करायला लावतात. दीपगृहापेक्षा आता माझ्याकडे बस जास्त वेळ थांबते.

इमोजेन लाऊ एकदा एकटीच आली होती. फाइल नव्हती. क्लॅरीचे कपडे ज्या बाकावर होते तिथे बराच वेळ बसली. तिने फुले आणली होती. ती कुठे ठेवायची ते तिला कळेना, म्हणून परत घेऊन गेली.

मग एका मंगळवारी पहाटे मला पायऱ्यांवर पाऊल ऐकू आले, आणि मित्रांनो, माझा सगळा रिकामा तळ शहारला. पण ती नोला होती. जाळीच्या बाहेर, पायऱ्यांच्या अगदी तोंडाशी. अंगात जाड कोट, डोक्याला लोकरी टोपी. पोहायचे सामान नव्हते. येणाऱ्या माणसाला तिला ओलांडल्याशिवाय खाली उतरता येऊ नये, अशी ती उभी राहिली. उजाडले, रिस्टो ब्रश घेऊन आला, तेव्हा ती घरी गेली. पुढच्या मंगळवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. कोणी येत नसे. एकदा कुत्रा घेऊन एक तरुण आला. त्याला तिने लांबूनच असे खडसावले की कुत्रासुद्धा खाली बसला.

पालिकेत ही गोष्ट गेली असावी, कारण पुढे एका मंगळवारी इमोजेन पहाटे तिच्याजवळ येऊन उभी राहिली. वाऱ्याने दोघींच्या डोळ्यांना पाणी येत होते.

"मिसेस क्विल्टी, आता जाळी आहे, कुलूप आहे. कॅमेराही आहे. तुम्ही कशाला त्रास घेता?"

"कुलूप हाक मारत नाही, पोरी," नोला म्हणाली.

इमोजेनने हात कोटाच्या खिशात घातले. काही वेळ ती तिथेच उभी राहिली. मग तिला कामावर जायचे होते, ती गेली.

नोलाचे गुडघे आता तिचे ऐकत नाहीत. डॉक्टरांनी थंडीत बाहेर पडू नको म्हणून सांगितले आहे. यंदाच्या हिवाळ्यात काही मंगळवार ती आली, काही मंगळवार आली नाही. ती येत नाही त्या पहाटे मी रिकामा पडून असतो, वारा जाळीतून वाजत असतो आणि पायऱ्यांच्या तोंडाशी कोणी नसते.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू आपली कहाणी सांगून झाली की शेवटी म्हणतो, आमची काळजी घ्या. माझी घेऊ नका. मी खडक आहे, मला शेवाळाशिवाय काही होत नाही. पण तुम्ही उद्या मोठे व्हाल आणि कशाचा तरी वार बदलाल. कुठली वाट बंद कराल, कुठले दार हलवाल. बदलायला हवे असेल तर जरूर बदला. फक्त पाटी लावून घरी जाऊ नका. इतकी वर्षे डोळे मिटून त्या वाटेने कोण येत होते, ते आठवून पाहा, आणि त्याच्या येण्याच्या वेळी तिथे जाऊन उभे राहा. थंडी वाजेल. झोप मोडेल. तो तुम्हाला पाहून हसेल आणि विचारेल, मी काय म्हातारा झालोय?

हसू द्या. तुम्ही हाक मारा.